खंडेनवमीस चकतोजीचे डोळ्यात गंध गेले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. कुलस्वामिनीस दंडवत, केरसुणीरूपी लक्ष्मीस दंडवत, आणि घरातील चारी कोपऱ्यांस स्मरोन लिहितो की, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली एका राज्यात जे वर्तमान वर्तले ते ऐकिले तैसे येथे उतरिले असे. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा त्यात मनुष्याचा दोष किती आणि ग्रहांचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राज्य तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेस कुंड्यांचा सज्जा, पश्चिमेस मुदपाकखाना, मध्ये सदर आणि सदरेलगत निजावयाची खोली, इतकाच मुलूख, परंतु बंदोबस्त चोख. राज्याचे धनी राजश्री पद्माकरपंत. पंतांनी उभी हयात टेलिफोन खात्यात चाकरी केली, खांबांवर चढले, तारा जोडिल्या, आणि वय जाहले तेव्हा शाल-नारळ घेऊन घरी परतले. त्यांपाशी हत्यारे तीन : पकड, पेचकस आणि टेस्टर. या तिहींचे बळावर त्यांनी इस्त्री, मिक्सर, पंखा, दारावरील घंटा ऐसे नाना बंडखोर वठणीवर आणिले होते. राज्यात काही बिघडले म्हणजे पंतांचे कुटुंब सौभाग्यवती हेमलताबाईसाहेब मुदपाकखान्यातून हाक देत, "अहो, जरा बघता का?" ही हाक म्हणजेच पंतांची चौथाई आणि हीच सरदेशमुखी. हाक आली की पंत मुद्दाम थोडा विलंब लावीत, नाकावरचा चष्मा घरभर शोधीत, "आता काय मोडलंस?" म्हणोन कुरकुरत, आणि पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत. पुढे काळ फिरला आणि नवी यंत्रे आली, त्यांस पेचच नाहीत. आणि जेथे पेच नाही तेथे पेचकस काय करील? टीव्ही रुसला तर आपणच बंद होई आणि आपणच सुरू होई, फोन बिघडला तर तो बदलावा लागे. मग हाका कमी होत गेल्या, आणि पंत वर्तमानपत्र पसरोन सदरेवर बसो लागले, आणि बोलणे मुळातच बेताचे ते आणखी आटले. घागरगडचे सुभेदार म्हणतात ते ऐसे, नाव मोठे आणि हाती कारभार नाही.

ऐसियात श्रावणमासी बाईसाहेबांचे गुडघे धरले आणि वाकोन केर काढणे दुरापास्त जाहले. कन्या मुग्धा कर्नाटकप्रांती चाकरीस होती, तिजला हे वर्तमान कळता तिने एक खोका रवाना केला. खोका फोडिला तो आत एक वाटोळे यंत्र, परातीएवढे, काळे कुळकुळीत, पुढील अंगास काचेचा डोळा. आपणच घरभर हिंडावे, आपणच केर ओढावा, आणि काम उरकले म्हणजे भिंतीलगतचे आपले ठाण्यावर जाऊन वीज खात पडोन राहावे, ऐसे त्याचे शील. पंतांस स्फुरण चढले. पकड आणि पेचकस घेऊन खासा स्वारी भुईवर मांडी ठोकून बसली आणि बोलिले, "उघडून बघतो आधी आत काय आहे ते." तोच मुग्धा फोनच्या पडद्यावरून ओरडली, "बाबा, उघडायचं नाही हं! आईच्या फोनमध्ये सगळं आहे. आई, तू ते हिरवं बटण दाब." आणि बाईसाहेबांनी हिरवे बटण दाबिले, आणि ज्या बाईसाहेब काल-परवापर्यंत फोनवर आलेली चित्रे पंतांकडून मोठी करून घेत होत्या, त्यांनी एका सकाळीत यंत्रास घराचा नकाशा शिकविला. पंत पेचकस हाती धरोन बसोन राहिले. मग कोणी पुसले नसता म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस."

परंतु नऊ दिवस गेले आणि नव्याचे नवेपण जाईना. त्यास कारण ऐसे की, मुग्धेने त्या यंत्रास मराठी वाणी दिधली होती. निघताना ते म्हणे, "सफाईला निघतो आहे." कोठे गुंतले तर म्हणे, "मी अडकलो आहे. कृपया मला मोकळं करा." ठाण्यावर पोचले म्हणजे म्हणे, "काम झालं. मी परत आलो." बाईसाहेबांस या बोलण्याचे भारी कौतुक. त्यांनी त्याचे नाव गुंड्या ठेविले. पंतांनी मनातल्या मनात चकतोजी ठेविले. मग बाईसाहेब रोज चकतोजी निघावयाचे आधी त्याचे वाटेतील चपला उचलू लागल्या, वायरी गुंडाळू लागल्या, पडद्यांचे काठ वर खोचू लागल्या, आणि तो परतला म्हणजे त्यास उताणा करोन त्याचे कुंच्यात गुंतलेले केस आपले आकड्याने सोडवू लागल्या आणि म्हणो लागल्या, "दमलास का रे गुंड्या? कॉटखाली किती जळमटं होती, नाही?" पंत हे वर्तमानपत्राआडोन ऐकत. आपण तीन तपे कचेरीतून परतलो, एक वेळ तरी कोणी दमलास का ऐसे पुसले काय? हे पंतांनी मनाशी म्हटले आणि वर्तमानपत्राचे पान फाटेल ऐसे उलटिले.

मत्सर हा किडा ऐसा की त्यास खावयास थोडके पुरते. बाईसाहेबांपाशी जुन्या मऊ लुगड्याचा एक तुकडा होता, तो पंतांनी चष्मा पुसावयास मागितला होता तेव्हा "सापडला की देते" ऐसा जाब मिळाला होता. तो तुकडा सापडला, आणि चकतोजीचा डोळा पुसावयाकडे लागला. पंतांस पडसे जाहले तेव्हा बाईसाहेब आतूनच म्हणाल्या, "काढा टेबलावर ठेवलाय, घ्या." आणि त्याच संध्याकाळी चकतोजी न्हाणीच्या उंबऱ्यावर अडकला आणि बोलिला, तो बाईसाहेब चढलेली फोडणी विस्तवावर तैसीच टाकोन, दुखते गुडघे विसरोन, पदर खोचीत धावल्या. फोडणी टाकोन! ज्या बाईसाहेबांनी दारी साक्षात व्याही उभे असता फोडणी टाकिली नव्हती, त्या! पंतांच्या अंगाचा तिळपापड जाहला. त्यात भर म्हणोन समोरील घरच्या नलिनीताई चकतोजीस पाहोन गेल्या आणि दुसरे दिवशी त्याचे चाक कुरकुरले, तेव्हा बाईसाहेबांनी मीठमोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढिली. पंत सज्ज्यात जाऊन कुंड्यांस पाणी घालू लागले, आणि पाणी कुंडीबाहेर जाऊन खालच्या मजल्यावर पडले तरी भान राहिले नाही.

तेव्हा पंतांनी गनिमी काव्याची मसलत केली. एके दिवशी वाटेत मोजा टाकिला, एके दिवशी सुतळी टाकिली, एके दिवशी फोनची वायर ऐसी सोडिली की जणू आपणच घसरली. चकतोजी प्रत्येक वेळी अडकला, प्रत्येक वेळी बोलिला, आणि प्रत्येक वेळी बाईसाहेब धावल्या, आणि "माझ्या गुंड्याच्या पोटात मोजा गेला गं बाई" म्हणोन मुग्धेस फोन केला. म्हणजे मसलत उलटली. करायला गेले गणपती आणि जाहला मारुती, तैसी पंतांची गत जाहली, की वैऱ्यास पाडावयास जावे आणि वैऱ्याचे लाड मात्र वाढावे.

पुढे आश्विनमास लागला, घट बसले, आणि खंडेनवमी आली. आता या राज्यात खंडेनवमीचा रिवाज ऐसा की, घरातील झाडून सारी हत्यारे पुसोन-घासोन मांडावी, त्यांस गंध-फूल वाहावे, आणि त्या दिवशी त्यांजकडून काम घेऊ नये, विश्रांती द्यावी. पंतांचे वडिलांपासोन मध्यभागी मान पकडीचा. पकड पाटावर मधोमध, दोही बाजूंस पेचकस आणि टेस्टर, मग सुरी, विळी, कात्री, मिक्सरचे भांडे. वर्षातला हाच दिवस ऐसा की बाईसाहेब पंतांच्या पकडीस स्वहस्ते हळदकुंकू वाहत, आणि पंत शेजारी सोवळे नेसोन उभे राहत आणि मनात म्हणत की राज्य अद्याप आपले आहे. त्या नवमीस पंत न्हाऊन बाहेर येतात तो काय पाहतात, की सदरेत रांगोळी घातली आहे, रांगोळीचे मध्यावर भुईस नवा खण अंथरला आहे, आणि खणावर चकतोजी विराजमान, गळ्यात झेंडूची माळ. आणि पाट? पाट बाजूस सारिला आहे, आणि पकड विळीच्या आडोशास कोपऱ्यात पडली आहे.

पंत म्हणाले, "मध्ये पकड असते."

बाईसाहेब फुले निवडीत म्हणाल्या, "अहो, पाटावर मावेना तो. आणि तुमच्या पकडीने वर्षभरात काय केलं सांगा बरं?"

बोल खरा होता. नाकास मिरच्या झोंबल्या, डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी उदबत्तीचे धुरावर ढकलिले. इतक्यात नलिनीताई आल्या आणि "वहिनी, काय गोजिरा दिसतोय हो तुमचा गुंड्या!" ऐसे म्हणाल्या. आजवर कोणी पकडीस गोजिरी म्हटले नव्हते. तेव्हा पंत अत्यंत मृदू स्वरे बोलिले, "द्या ती सहाण इकडे. यंदा पूजा मी करतो." बाईसाहेबांस वाटले, आले भानावर. त्यांनी सहाण दिधली. आणि पंतांनी चार बोटांवर दाट गंध घेतले, आणि परम भक्तिभावे चकतोजीच्या काचेच्या डोळ्यावर थापिले, वर हळद, वर कुंकू, वर ओल्या अक्षता ऐशा दाबोन बसविल्या की डोळा होता कोठे हे कळो नये. मग आरती जाहली. पंतांचा आवाज त्या दिवशी खणखणीत लागला.

नलिनीताई प्रसाद घेऊन गेल्या आणि बाईसाहेब मुदपाकखान्यात वळल्या. परंतु एक गोष्ट कोणाचेच ध्यानी नव्हती. केरसुणीस आज उचलू नये हे बाईसाहेबांस ठाऊक, विळीस आज हात लावू नये म्हणोन भाजी आदले दिवशीच चिरोन ठेविलेली. परंतु फोनमध्ये चकतोजीस रोजचा हुकूम दिलेला होता की जेवणाआधी निघावे, तो मागे घ्यावयाचा राहिला. फोनास खंडेनवमी काय ठाऊक? वेळ होताच चकतोजी खणावरून गर्जला, "सफाईला निघतो आहे," आणि निघाला. डोळा मिटलेला, गळ्यात माळ, पोटाखाली खण. रांगोळी त्याने एका फेरीत गिळिली, तांब्या पाडिला, नैवेद्याची वाटी भिंतीपर्यंत लोटिली, घटापाशी जाऊन थोडक्यात वळला, आणि शेवट माळ चाकात गुंतवून दिवाणाखालील अंधारात घुसला, जेथे मुग्धेची जुनी बाजापेटी आणि दोन ट्रंका होत्या. आणि तेथोन हाक आली, "मी अडकलो आहे. कृपया मला मोकळं करा."

बाईसाहेब धावत आल्या. पुसलेली रांगोळी पाहिली, सांडलेले पाणी पाहिले, गंध-अक्षतांचा माग दिवाणापर्यंत गेलेला पाहिला, आणि मग पंतांची चार पिवळी बोटे पाहिली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडत्या तर बरे होते.

पंत म्हणाले, "एवढं काय त्यात? यंत्र तर आहे."

"यंत्र आहे हे मला कळतं," बाईसाहेब म्हणाल्या. "मी काय वेडी आहे? पण तो निघताना सांगून निघतो. अडकला की सांगतो. आला की आलो म्हणतो. तुम्ही रिटायर होऊन घरी आलात त्या दिवशी काय केलंत आठवतं? नारळ ओट्यावर ठेवलात आणि पेपर उघडलात. तुम्हाला घर खायला उठतंय, रात्र रात्र झोप लागत नाही, हे मला मुग्धाने फोनवर सांगितलं. मला! एका घरात राहून! सगळा जन्म मी तुमच्या मनातलं ओळखत बसले, अहो. दमले ओळखून. ह्याचं निदान ओळखावं लागत नाही."

इतके बोलोन बाईसाहेब आत गेल्या. डाळ शिजली होती, आमटीची फोडणी बाकी होती. आणि सदरेवर पंत एकटे राहिले, आणि दिवाणाखालोन तोच आवाज तीच विनवणी करीत राहिला. पंतांस राग यावा, तो येईना. पंतांस लाज वाटली, आणि लाजेच्या बुडाशी मत्सर होता तो तैसाच होता, किंबहुना वाढला. कारण आता उमगले की त्या चकतीस जे सोपे आहे तेच आपणास साधत नाही.

मग पंतांनी सोवळे सोडिले, सदरा चढविला, आणि कोणास न सांगता, म्हणजे आपल्या सवयीप्रमाणे, दिवाणाखाली स्वारी केली. आधी शिर गेले, मग खांदे गेले, आणि बाजापेटी सारीत सारीत पंत पुढे सरकले आणि चकतोजीची माळ हाती आली. माळ ओढिली, तो सदऱ्याची पाठ वरच्या फळीच्या खिळ्यास टोचोन बसली. मागे सरकावे तर खांदा ट्रंकेखाली, पुढे सरकावे तर चकतोजी. पेचकस असता तर खिळा उचकटता आला असता. परंतु पेचकस कोपऱ्यात पकडीशेजारी विश्रांती घेत होता, आणि तेथवर हातही पोचत नव्हता. नाकात जळमट, कानात धूळ, आणि तोंडासमोर, वीतभर अंतरावर, डोळ्यात गंध भरलेला वैरी बोलत होता, "मी अडकलो आहे. कृपया मला मोकळं करा."

बाईसाहेबांनी ते आतून ऐकिले, आणि म्हणाल्या असतील, ज्यांनी अडकवला ते सोडवतील. त्या आल्या नाहीत. पंतही बोलिले नाहीत. हाक मारणे म्हणजे राज्य गेले ऐसे त्यांस वाटत होते. उभ्या हयातीत हाक ऐकली होती, हाक दिधली नव्हती. खांबावर वीज लागली तेव्हाही घरी येऊन "पाय घसरला" ऐसेच सांगितले होते. मग चकतोजीचा आवाज क्षीण जाहला, वीज सरली, आणि अर्ध्या वाक्यात तो गप्प जाहला. दिवाणाखाली काही ऐकू येईना. आता पंतांचे वतीने बोलणारा कोणी उरला नाही, आणि कमरेत उसण भरो लागली, आणि आत कढल्यात मोहरी तडतडल्याचा आवाज आला. तेव्हा पंतांनी डोळे मिटिले आणि बोलिले, "अगं..." ते इतके हळू की आपले आपणासच ऐकू आले नाही. पुन्हा सारे बळ एकवटून बोलिले :

"अगं, ऐकलंस का? मी अडकलोय. मला मोकळं कर."

मुदपाकखान्यात झारा पडल्याचा आवाज जाहला. मग पावले आली, दुखऱ्या गुडघ्यांची, परंतु धावती. बाईसाहेब भुईवर बसल्या, खाली वाकल्या, आणि "अगं बाई! तुम्ही?" म्हणाल्या, आणि हात घालोन खिळ्याचा सदरा सोडविला, ट्रंक सरकाविली, आणि पंतांस काखेत धरोन बाहेर ओढिले. पंत बाहेर आले ते शिरावर जळमटांचा मंदिल, कपाळास कुंकू, हातात झेंडूची माळ. बाईसाहेबांनी एकवार पाहिले आणि त्यांस हसू आवरेना; पदर तोंडास लावोन हसल्या आणि हसता हसता डोळे भरले. मग तो मऊ लुगड्याचा तुकडा घेतला, आणि पंतांचे कपाळ पुसिले, कान पुसिले, चष्मा पुसिला, आणि पुसिले, "लागलं का कुठे?"

"कमरेत भरलंय," पंत म्हणाले. ऐसे त्यांनी पूर्वी कधी म्हटले नव्हते. मग थांबोन म्हणाले, "आणि ती पकड कोपऱ्यात ठेवलीस, ते लागलं."

इतक्यात जळका वास आला. फोडणी कोळसा जाहली होती. बाईसाहेब कपाळास हात लावोन उठू लागल्या, पंतांनी बसविले आणि म्हणाले, "राहू दे. तीच घाल आमटीत." त्या दिवशी पंतांनी जळक्या फोडणीची आमटी तीन वेळ मागोन घेतली आणि वाटी पुसोन खाल्ली. बाईसाहेब म्हणाल्या, "काय झालंय तुम्हाला?" फोडणी कोणासाठी जळाली हे पंतांस ठाऊक होते, आणि त्याहून गोड पदार्थ त्या राज्यात कधी शिजला नव्हता.

दुसरे दिवशी दसरा. बाईसाहेबांची परवानगी घेऊन पंतांनी चकतोजीच्या डोळ्यातील गंध कापसाने टिपोन टिपोन काढिले आणि अक्षतेचे दाणे एकेक करोन वेचिले. चकतोजीस दृष्टी आली. पुढे पंत भाजी आणावयास निघताना "निघतो गं" म्हणो लागले, जिन्यात दम लागला तर दारातच "दमलो" म्हणो लागले. मत्सर अगदीच गेला ऐसे लिहिले तर ते खोटे होईल. एके सायंकाळी पंत दारात आणि चकतोजी ठाण्यावर ऐसे एकदमच पोचले, आणि एकाने "मी परत आलो" म्हटले आणि दुसऱ्याने "आलो गं" म्हटले, आणि पंत श्वास रोखोन उभे राहिले की आता जाब कोणास मिळतो. आतून बाईसाहेब म्हणाल्या, "हातपाय धुवा, चहा टाकते." चकतोजीस चहा पिता येत नाही, हे मनात आणोन पंत परम संतोष पावले.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी त्या राज्यात युद्ध जाहले, तह जाहला. हानी एक रांगोळी आणि एक फोडणी, लाभ एक हाक. धनी सुखरूप, बाईसाहेब सुखरूप, चकतोजी ठाण्यावर. पुढील खंडेनवमीस मध्यभागी कोण बसावे याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे, परंतु पंतांनी सुताराकडून पाट मोठा करवून ठेविला आहे. लिहिणाराचे हे इतकेच लिहिणे. शुभं भवतु.